प्लेटवर बुरशी थांबली, मग वावरात काहून नाही थांबत?

यावेळी पत्रं आणि व्हॉट्सॅपचे मेसेज धरून जेवढे प्रश्न आले त्यातले अर्ध्याहून जास्त बुरशीनाशकाचेच निघाले. पाऊस लांबला, आभाळ उघडेना, की दरवर्षी असंच होतं. मी स्वतः बरीच वर्षं रोगशास्त्राच्या लॅबमध्ये प्लेटा (बुरशी वाढवायच्या चपट्या बशा) ओतण्यात घालवली आणि आता गावात तूर-पऱ्हाटी (कापूस) करतो, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं ठाऊक आहे, त्या हिशोबानं उत्तरं देतोय. पहिलं उत्तर लांबलंय, पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न : मी एम.एस्सी. केमिस्ट्रीला आहे, घर दर्यापूर तालुक्यात. प्रोजेक्टसाठी चाल्कोन नावाच्या रसायनापासून पायरॅझोलीन जातीचे सहा नवीन कंपाउंड बनवले. बॉटनीच्या लॅबमध्ये तुरीच्या मर रोगाच्या बुरशीवर टेस्ट केले तर त्यातल्या एकाने ५०० पीपीएमला (दहा लाख भागांत ५०० भाग) ८२ टक्के वाढ रोखली. घरी सांगितलं तर बाबा म्हणतात, दुकानातल्या औषधानं काही होत नाही, तुझंच आपल्या तुरीत मारून पाहू. काय करू?

ताई, आधी मनापासून शाबासकी, सहापैकी एक चाललं हे काही कमी नाही. पण बाबांना सांगा, अजून थांबा. आणि का थांबायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे पत्र बाबाही वाचतील असं धरून चाललोय.

तुम्ही जी टेस्ट केली तिला विषारी अन्न पद्धत म्हणतात. बाबांसाठी सांगतो. २०० ग्रॅम बटाट्याचा काढा, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज, २० ग्रॅम अगार, पाण्यानं एक लिटर करायचं, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ डिग्रीला शिजवायचं, कोमट झालं की त्यात ठरलेल्या मापानं औषध मिसळायचं आणि प्लेटमध्ये ओतायचं. जिलेबीच्या पाकापेक्षा थोडं पातळ असतं, थंड झालं की जेलीसारखं बसतं. मग मधोमध पाच मिलिमीटरचा बुरशीचा तुकडा ठेवायचा. बुरशीला खायला तेच, विषही त्यातच. बिनऔषधाच्या प्लेटमध्ये बुरशी कडेपर्यंत पोचली की सगळ्या प्लेटा पट्टीनं मोजायच्या. समजा साध्या प्लेटमध्ये ८४ मिलिमीटर पसरली आणि तुमच्या औषधात १५, तर ८४ वजा १५, भागिले ८४, म्हणजे ८२ टक्के रोखली. आता यात गंमत अशी की तो पाच मिलिमीटरचा तुकडा तर तुम्हीच ठेवला होता, तो दोन्हीकडून वजा केला तर हाच आकडा ८७ वर जातो, आणि लोक दोन्ही तऱ्हेनं लिहितात. म्हणून दुसऱ्याच्या रिपोर्टमधल्या टक्क्यांशी आपले टक्के लावताना आधी त्यानं कसं मोजलं ते पाहायचं.

आता मला तुम्हालाच चार प्रश्न विचारायचेत. कंपाउंड कशात विरघळवलं? बहुतेक डीएमएसओ या द्रावकामध्ये, मग नुसत्या डीएमएसओची प्लेट लावली होती का? डीएमएसओ जास्त झालं तर तेच बुरशीला दाबतं आणि श्रेय आपल्या कंपाउंडला जातं. सोबत कार्बेन्डाझिमची, म्हणजे दुकानातल्या नेहमीच्या बुरशीनाशकाची, प्लेट होती का? ज्या फ्युजॅरियमला, म्हणजे मरीच्या बुरशीला, अजून त्याची सवय झालेली नाही ती कार्बेन्डाझिमच्या मोजक्या पीपीएमलाच आडवी होते, त्याच्या शेजारी ५०० पीपीएम म्हणजे बैलगाडी आणि मोटारसायकलची शर्यत. खाली १०, २५, ५०, १०० असे डोस लावले का? आणि शेवटचं, जे सगळे विसरतात, थांबलेला तुकडा उचलून साध्या पीडीएवर (तेच बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार, बिनऔषधाचं) ठेवून पाहिला का? चार दिवसांत तो परत पांढराशुभ्र फुलला तर तुमचं औषध बुरशीला मारत नाही, फक्त झोपवतं. वाईट नाही ते, पण वेगळं आहे.

आता वावराकडे या. तुरीची मर लावणारी फ्युजॅरियम उडम जमिनीत असते, मुळातून शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसते. मेलेलं झाड उभं चिरा, आत काळ्या रेषा दिसतील, बाहेरून खोडावर बुडापासून वर जाणारा जांभळट पट्टाही दिसतो. पानांवर फवारलेलं औषध तिथं पोचत नाही, कारण बहुतेक आंतरप्रवाही (झाडाच्या आत फिरणारी) बुरशीनाशकं झाडात खालून वर चढतात, वरून खाली उतरत नाहीत. मग म्हणाल जमिनीत टाकू. करा हिशोब. एका एकराची वरची १५ सेंटिमीटर माती साधारण नऊ लाख किलो भरते. तिच्यात ५०० पीपीएम करायचं तर साडेचारशे किलो कंपाउंड लागेल. तुमच्या कुपीत किती आहे, दोन ग्रॅम? आणि ते बनवायला किती रात्री गेल्या ते तुम्हालाच माहीत. वरून मातीतली चिकण आणि सेंद्रिय भाग त्यातलं बरंचसं धरून ठेवतात आणि जिवाणू खाऊन टाकतात ते वेगळंच. प्लेटमध्ये यातलं काहीच नसतं. प्लेटमध्ये ना ऊन, ना पाऊस, ना माती, फक्त बुरशी आणि आपण.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, या पदार्थाचं माणसाला काय होतं ते जगात कोणालाच माहीत नाही, कारण हा पदार्थ तुम्हीच पहिल्यांदा केलाय. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेत वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, ती तर बहुतेक रजिस्टर झालेली, लेबल लावलेली औषधं होती. बाबा उघड्या हातानं पंप भरणार नाहीत याची खात्री तुम्ही देऊ शकता का? मी माझ्या बापाची देऊ शकलो नसतो.

कायदाही आड येतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बुरशीनाशकंही येतात आणि नोंदणी समितीकडे रसायनाची माहिती, वेगवेगळ्या ठिकाणच्या शेतातल्या चाचण्या, प्राण्यांवरच्या विषारीपणाच्या चाचण्या, धान्यात किती उरतं, हे सगळं दिल्याशिवाय कोणतंही औषध विकता येत नाही. मोठ्या कंपन्यांचा २०१० ते १४ चा हिशोब असा निघाला होता की दीड लाखाच्या वर कंपाउंड तपासले तेव्हा एक बाजारात आलं आणि त्याला अकरा वर्षं लागली. तुमचं सहातलं एक आहे, त्या दीड लाखाच्या रांगेत उभं राहिलंय, एवढं समजा.

मग करायचं काय? वरच्या चार प्लेटा आधी लावा. त्यानंतर हेच कंपाउंड ट्रायकोडर्मा या मित्र बुरशीवर आणि मुळांवर नत्र धरणाऱ्या रायझोबियम जिवाणूवर लावून पाहा, कारण शत्रूसोबत आपली माणसंही मरत असतील तर तुरीत त्याचा काय उपयोग. तुरीचं बियाणं त्यात भिजवून ओल्या कागदात गुंडाळा, उगवण घटते का बघा. हे सगळं पास झालं तर गाईडला सांगून कृषी विद्यापीठाच्या रोगशास्त्र विभागात विचारा, तिथं मर लागलेल्या मातीच्या कुंड्यांत टेस्ट करता येते. ५०० पीपीएमचा एकच आकडा छापण्यापेक्षा पाच डोसचा ग्राफ छापा, परीक्षक खूश होतो.

आणि बाबांसाठी, या वर्षीची तूर गेली तेवढी गेली, मेलेली झाडं मुळासकट उपटून धुऱ्याबाहेर जाळा. पुढच्या वर्षी त्या वावरात तूर नको, ज्वारी घ्या, तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तरी मर कमी होते, हे आपल्या आजोबांना पीपीएम न शिकता माहीत होतं. परत तूर पेराल तेव्हा आशा किंवा बीएसएमआर ७३६ सारखं मरीला दाद न देणारं वाण आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा.

प्रश्न : वरुड तालुक्यात संत्र्याची साडेचारशे झाडं आहेत. बुंध्यातून डिंक गळतो, पानं पिवळी. कार्बेन्डाझिम दोनदा मारलं, मग हेक्झाकोनॅझोल मारलं, काही फरक नाही. दुकानदार म्हणतो कंपनी बदला.

भाऊ, कंपनी नका बदलू, औषधाची जात बदला. डिंक्या करणारी फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखी, पण नातं तिचं शेवाळाकडचं. खऱ्या बुरशीच्या अंगात एर्गोस्टेरॉल नावाची चरबी असते, हेक्झाकोनॅझोल ती बनू देत नाही, म्हणून बुरशी मरते. फायटोफ्थोरा ती बनवतच नाही. ज्या घरात गॅसच नाही त्या घराचं सिलिंडर बंद करून काय होणार? कार्बेन्डाझिमचंही तसंच, त्याचा नेम जिथं लागतो तो भाग फायटोफ्थोरात वेगळ्या घडणीचा आहे. लॅबमध्ये हे आम्ही पोरांना मुद्दाम दाखवायचो, फायटोफ्थोराच्या प्लेटमध्ये कार्बेन्डाझिम टाकायचं आणि ती आरामात कडेपर्यंत जायची. पोरं म्हणायची सर औषध एक्स्पायरी झालं असेल.

तिच्यावर चालतं ते मेटॅलॅक्सिल, फोसेटिल आणि जुनं तांबं. मेटॅलॅक्सिल १९७७ ला आलं आणि १९८० मध्येच युरोपात बटाट्याच्या फायटोफ्थोरानं त्याला पचवलं, म्हणून ते आता बहुतेक मॅन्कोझेबसोबत मिसळूनच मिळतं. लेबलवर संत्रा किंवा लिंबूवर्गीय लिहिलंय का ते पाहूनच घ्या.

पण तुमच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट पाहिजे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत रात्रीच पाच लिटर पाण्यात घाला, लोखंडी बादली चालणार नाही. चुना वेगळा विझवून पाच लिटर करा, गाळून घ्या, मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदमच ओता आणि लाकडानं ढवळत राहा. रंग आभाळी निळा येतो. आता घासलेला चकचकीत इळा त्यात मिनिटभर बुडवून काढा. पात्यावर लालसर तांबं चढलं तर आम्ल उरलंय, अजून चुन्याचं पाणी घाला, परत बुडवा, पातं कोरं निघेपर्यंत. ही टेस्ट टाळू नका, न टाळणारा माणूस मी पंचक्रोशीत दोनच पाहिलेत. डिंक आणि सडलेली साल आधी खरवडून घ्या, मग तीन फुटांपर्यंत पेस्ट लावा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. त्याच दिवशी संपवा, उरलेली दुसऱ्या दिवशी लावू नका. आणि बुंध्याला पाणी लागतंय ते बंद करा, दुहेरी आळं करा म्हणजे पाणी बाहेरच्या आळ्यात राहील. आळं तसंच ठेवून पेस्ट लावली तर पुढच्या वर्षी परत मलाच पत्र लिहाल.

जाता जाता, हे बोर्डो कसं सापडलं ते मजेशीर आहे. फ्रान्सात बोर्डोकडं रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मालक लोक मोरचूद-चुना शिंपडायचे, निळं विष पाहून चोरांनी हात लावू नये म्हणून. १८८२ मध्ये मिलार्डे नावाच्या प्राध्यापकानं पाहिलं की आतल्या वेली केवडा रोगानं झडल्या आणि चोरासाठी रंगवलेल्या हिरव्यागार उभ्या आहेत. १८८५ ला त्यानं ते छापलं. चोरांचे उपकारच म्हणायचे.

प्रश्न : आमचं धानाचं वावर साकोलीकडं. भाचा कृषी कॉलेजात आहे, त्यानं करप्याची बुरशी प्लेटवर लावली आणि ट्रायसायक्लॅझोल टाकलं तर बुरशी तशीच वाढली, फक्त काळपटाऐवजी तांबूस दिसली. आम्ही तेच औषध दरसाल मारतो आणि करपा थांबतो. मग खरं कोण, भाचा की वावर?

दोघंही खरे आहेत जी. आणि भाच्यानं रंग नोंदवला ना, त्यातच उत्तर आहे, पोरगा हुशार दिसतो.

करप्याची बुरशी धानाच्या पानावर बसली की एक घुमटासारखी गाठ करते. त्या गाठीच्या भिंतीला मेलॅनिनचा काळा लेप असतो, त्यामुळं आतलं द्रव्य बाहेर झिरपत नाही आणि आत दाब चढत जातो, थेट ८० बारपर्यंत. तुमच्या कारच्या चाकात दोन-अडीच बार असतो, म्हणजे तीसपट-चाळीसपट. त्या जोरावर ती पानाला छिद्र पाडून आत घुसते. ट्रायसायक्लॅझोल बुरशीला मारतच नाही, ते फक्त मेलॅनिन बनू देत नाही. लेप नाही, तर दाब धरत नाही, पंक्चर ट्यूबसारखं. बुरशी पानावर बसून राहते, आत जाऊ शकत नाही. प्लेटवर तिला कुठं घुसायचंच नसतं, बटाट्याचा काढा समोर वाढलेलाच आहे, म्हणून ती मजेत वाढली, फक्त रंग गेला.

त्यामुळं नुसत्या प्लेटवर भरवसा ठेवला असता तर हे औषध कचऱ्यात गेलं असतं. फोसेटिलचंही थोडंफार तसंच आहे, अगारमध्ये फॉस्फेट भरपूर असलं की ते लंगडं दिसतं, झाडात बरं चालतं. आणि भुरी, तांबेरा हे तर प्लेटवर वाढतच नाहीत, त्यांना जिवंत पानच लागतं, मग त्यांच्यासाठी तोडलेल्या पानांवर किंवा कुंडीतल्या रोपांवर टेस्ट घ्यावी लागते. भाच्याला सांगा, पुढची टेस्ट धानाच्या रोपांवर लाव. अर्ध्या रोपांवर एक दिवस आधी औषध मार, मग सगळ्यांवर बीजाणूंचं पाणी फवार, रात्रभर ओल धर. आणि तुम्ही लक्षात ठेवा, हे औषध बुरशी घुसायच्या आधीचं आहे, ठिपके डोळ्याच्या आकाराचे होऊन वावर जळाल्यासारखं दिसायला लागल्यावर मारून पैसे जातील.

प्रश्न : सोयाबीन पिवळं पडतंय, पानांवर पिवळे-हिरवे डाग, तीन बुरशीनाशकं झाली. चौथं कोणतं मारू?

कोणतंच नाही. वर्णनावरून हा पिवळा मोझॅक वाटतो, तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. झाडं कमी असतील तर उपटून टाका, पिवळे चिकट सापळे लावा, माशीचा बंदोबस्त करा. पऱ्हाटीच्या लाल्यावर (पानं लाल पडतात त्यावर) बुरशीनाशक मारणाऱ्यांनीही हेच वाचावं, तिथं बहुतेक वेळा मॅग्नेशियम आणि नत्राची भूक असते.

प्रश्न : नवीन औषध आलं की कंपनीवाले डेमो दाखवतात, त्यात नेहमीच फरक दिसतो. आपल्या वावरात आपणच टेस्ट कशी घ्यायची? (एक शेतकरी बहीण, कळंब तालुका)

ताई, हा प्रश्न आवडला. आमच्याच वावरात एकदा एका कंपनीचा माणूस आला होता, पऱ्हाटीवरच्या दहिया या बुरशीच्या रोगाचं औषध घेऊन. औषधाचा प्लॉट त्यानं विहिरीजवळच्या भारी जमिनीत घेतला आणि बिनऔषधाचा खाली नाल्याकाठी, जिथं सकाळी अकरापर्यंत दव सुकत नाही. आठ दिवसांनी सगळ्यांना बोलावून फरक दाखवला, चहा-समोसा झाला, फोटो निघाले. अहो, त्या नाल्याकाठी दहिया दरवर्षीच जास्त येतो, माझ्या बायकोनं समोशाचा घास तोंडात असतानाच हे म्हटलं, पण तिचं कोण ऐकतं. औषध वाईटच होतं असं नाही म्हणत मी, पण त्या डेमोवरून काहीच कळत नव्हतं.

तुम्ही असं करा. एकसारख्या जमिनीत चार-चार ओळींचे पट्टे पाडा. एकाला नवीन औषध, एकाला तुम्ही नेहमी मारता ते आणि एकाला नुसतं पाणी. असा संच वावरात तीन-चार जागी करा, दरवेळी पट्ट्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून बदला, म्हणजे एखादी जागा चांगली-वाईट असली तरी सगळ्यांच्या वाट्याला येते. पाण्याचा पट्टा सोडायला हिंमत लागते, घरचे ओरडतात, पण चार ओळींनी कोणी बुडत नाही आणि तोच नसला तर रोग औषधानं गेला की ऊन पडल्यानं गेला हे कधीच कळणार नाही. प्रत्येक पट्ट्यात पाच झाडं रिबीन बांधून ठेवा, पानावर किती भाग डागाळला त्याला शून्य ते नऊ गुण द्या, फवारणीआधी आणि नंतर दर आठवड्याला, तीच झाडं. शेवटी कापूस वेचून वेगळा तोला, कारण पान हिरवं राहिलं आणि कापूस तेवढाच आला तर औषधाचे पैसे कशाचे.

माप काटेकोर पाहिजे. ७५ टक्क्यांचं मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम म्हणजे १५ लिटरच्या पंपाला साडेसदतीस ग्रॅम, ते काडीपेटीच्या डबीनं मोजू नका, सोनाराकडं असतो तसला छोटा काटा आता स्वस्तात मिळतो. आणि जास्त ग्रॅम म्हणजे जास्त कडक असं समजू नका, २३ टक्क्यांच्या अझॉक्सिस्ट्रोबिनच्या लिटरला एक मिलिमध्ये खरं औषध जेमतेम पाव ग्रॅम असतं. पण ते बुरशीच्या एकाच जागी घाव घालतं, दरवेळी तेच मारलं की बुरशी ती जागा बदलून मोकळी होते. मॅन्कोझेब एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी घाव घालतं, म्हणून इतक्या वर्षांनंतरही चालतंय. फवारताना वारा पाठीवर घ्या, आणि डब्यावरचा त्रिकोण पाहा, लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे प्यायचा नाही हेही गड्याला सांगा.

प्रश्न : रोगट झाड तपासायला पाठवायचं तर कसं? मागच्या वेळी लॅबवाले म्हणाले सॅम्पल सडलं.

पॉलिथिनमध्ये पाठवलं असणार. त्यात घाम धरतो आणि वाटेतच दुसऱ्या बुरशा चढतात, मग खरी कोणती तेच कळत नाही. पूर्ण मेलेलं झाड नको, अर्धं सुकलेलं, अर्धं हिरवं घ्या, रोग तिथं जिवंत सापडतो. मुळासकट खोदा, माती झटका पण धुऊ नका, वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, मुळाजवळची मूठभर माती वेगळ्या कागदी पुडीत. चिठ्ठीवर पीक, वाण, पेरणीची तारीख आणि आतापर्यंत काय काय फवारलं ते सगळं खरं लिहा, दुकानदाराचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. सोमवार-मंगळवारी पाठवा, शनिवारी पाठवलं की ते रविवारभर कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतं.